वेगवान ब्लाइंड आणि रिबायचा हिशेब: गुरुवारच्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी २०२६, गुरुवार, रात्री उशिरा

आजच्या पोकर स्पर्धेत चार वेळा रिबाय केला, म्हणजे पैसे भरून पुन्हा चिप्स घेतल्या. प्रवेशाचे २५ पौंड, चार रिबायचे ८०, अ‍ॅड-ऑनचे २०, असे एकूण १२५ पौंड टेबलावर गेले आणि सव्वा दहाला मी बाहेर थंडीत बसची वाट पाहत उभा होतो. पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही. चौथा रिबाय मी का केला, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, ते जास्त लागलं. पहिले तीन केले म्हणून चौथा केला, एवढंच. म्हणून आजपासून हा प्रकल्प सुरू करतोय. बर्मिंगहॅमच्या या कॅसिनोत दर गुरुवारी होणाऱ्या रिबाय स्पर्धेचा पूर्ण हिशेब मांडायचा, पायथॉनमध्ये छोटा सिम्युलेटर लिहायचा, आणि काय कळलं ते इथे तारखेनिशी टिपायचं.

स्पर्धेचा साचा असा. नो-लिमिट होल्डेम, म्हणजे हातात दोन पानं आणि हव्या तितक्या चिप्स लावायची मुभा असलेला पोकर; नऊ जणांचं टेबल. प्रवेश २० पौंड अधिक ५ पौंड फी, त्यात ३,००० चिप्स. पहिल्या तासात स्टॅक, म्हणजे समोरच्या चिप्स, ३,००० किंवा त्याखाली असेल तर २० पौंडांत आणखी ३,००० चिप्सचा रिबाय, कितीही वेळा. तासाभराने सुट्टी, तेव्हा एकदाच अ‍ॅड-ऑन: २० पौंडांत ५,००० चिप्स. रिबायवर आणि अ‍ॅड-ऑनवर फी नाही. लेव्हल पंधरा मिनिटांची, आणि दर लेव्हलला स्मॉल आणि बिग ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी सक्तीने लावायच्या चिप्स, वाढतात: २५/५०, ५०/१००, १००/२००, १५०/३००, मग सुट्टी, पुढे २००/४००, ३००/६००, ५००/१,०००, ८००/१,६००, १,२००/२,४००, २,०००/४,००० आणि तसंच वर. अँटी, म्हणजे दर डावाला सगळ्यांनी भरायच्या चिप्स, नाही. बक्षिसं पहिल्या पाचांना: ४०, २५, १६, ११ आणि ८ टक्के.

११ जानेवारी, रविवार

निघताना स्क्रीनचा फोटो काढून ठेवला होता, तो आज कामी आला. त्या रात्री ४० प्रवेश, ५० रिबाय, ३५ अ‍ॅड-ऑन झाले होते. म्हणजे २० पौंडांच्या १२५ खरेद्या, बक्षिसाची रक्कम २,५०० पौंड. चिप्स किती? प्रवेश आणि रिबाय मिळून ९० वेळा ३,०००, म्हणजे २,७०,०००, अ‍ॅड-ऑनच्या १,७५,०००, एकूण ४,४५,०००. एका पौंडामागे सरासरी १७८ चिप्स.

हा १७८ चा आकडा कागदावर लिहिला आणि थोडा वेळ त्याच्याकडे नुसता बघत बसलो. कारण रिबायला पौंडामागे फक्त १५० चिप्स मिळतात आणि अ‍ॅड-ऑनला २५०. म्हणजे २० पौंडांचा रिबाय घेतला की हातात पडतो १६.८५ पौंडांचा माल, आणि त्याच २० पौंडांच्या अ‍ॅड-ऑनमध्ये मिळतो २८.०९ पौंडांचा. एकाच दुकानात, एकाच रात्री, एकाच मालाचे दोन भाव! आणि मी महाग भावाने चार वेळा घेतला.

अ‍ॅड-ऑन न घेता खेळणारा माणूस बाकीच्यांची सोय करतो, हेही यातूनच निघतं. आमच्याकडे दर आठवड्याला दोन-तीन जण ‘स्टॅक बरा आहे, गरज नाही’ म्हणून तो घेत नाहीत. त्यांच्या चिप्सची किंमत त्या पाच मिनिटांत उतरते.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

दादाला तिळगुळाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला आणि पाऊण तास हेच बोलत राहिलो. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, पुण्यात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पोकर त्याने कधी खेळलेलं नाही, पण शाळेच्या सुट्टीत मेंढीकोटला तो ज्याच्या बाजूने बसेल ती बाजू जिंकायची.

मी म्हटलं, “दादा, रिबायला भाव वाईट पडतो. म्हणजे रिबाय करूच नये ना?”

“थांब,” तो म्हणाला, “तू बाद झाल्यावर रिबाय करतोस तेव्हा नुसत्या ३,००० चिप्स घेतोस का? पुढचा तो स्वस्त माल घ्यायचा हक्कही परत मिळवतोस ना? मग दोन्ही मिळून मोज.”

दोन्ही मिळून: ४० पौंडांत ८,००० चिप्स, किंमत ४४.९४ पौंड. म्हणजे सगळे सारख्या ताकदीचे धरले तरी बाद झालेल्याने रिबाय करून अ‍ॅड-ऑन घेणं फायद्याचं. पण हातात ३,००० असतानाच, नियम परवानगी देतो म्हणून, बसल्या बसल्या आणखी ३,००० घेणं तोट्याचं. अ‍ॅड-ऑनचा हक्क तर आधीच खिशात आहे. वरचे २० पौंड फक्त महाग मालावर जातात. स्टॅक १,२०० वर आला म्हणून घाईने भर घालणंही तसंच. १,२०० आधी लावावेत, गेले तर मग रिबाय.

त्याच बोलण्यातून पुढची गोष्ट निघाली आणि या प्रकल्पातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा मला वाटतं हाच आहे. बाजारभावाने २० पौंडांच्या ३,५६० चिप्स व्हायला हव्यात, रिबायवाला देतो ३,०००. म्हणजे पहिल्या तासात बाद होऊन परत बसण्याची दर वेळची पट्टी ५६० चिप्स. समजा, समोरच्याने ३,००० लावले आणि माझ्याकडेही ३,०००च आहेत. जिंकलो तर ३,००० मिळतील. हरलो तर ३,००० जातील आणि वर ५६०. बरोबरीत सुटायला ३,५६० भागिले ६,५६०, म्हणजे ५४ टक्के जिंकायला हवं. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, ब्लाइंडचे दीडशे पडलेले असतील तर ५३. सुट्टीनंतरच्या साध्या हिशेबात यासाठी पन्नासच्याही आत चालतं.

टेबलावर मात्र उलटं ऐकू येतं: ‘रिबाय आहे, टाका!’ जोडी विरुद्ध तिच्या वरची दोन पानं, अशी गाठ पडली तर जोडीकडे साधारण ५५ टक्के असतात. म्हणजे जोडी जेमतेम तरते, आणि एक्का-राजा घेऊन समोर जोडीच आहे हे ठाऊक असूनही हौसेने कॉल करणारा, म्हणजे समोरच्याइतक्याच चिप्स लावणारा, दर वेळी थोडा थोडा गळत जातो. अ‍ॅड-ऑन जितका मोठा, तितका रिबाय महाग. अ‍ॅड-ऑनही ३,०००चाच असता तर सगळ्या चिप्सचा भाव एकच, १५० ला पौंड, आणि बाद होण्याची पट्टी शून्य. मग ‘टाका’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नसतं.

१५ जानेवारी, गुरुवार

आज खेळताना एकच काम केलं, डाव मोजले. डावीकडे बसलेल्या आजोबांनी विचारलंच, खिशात हात घालून काय चाललंय म्हणून. खिशात राजमा होता, दर डावाला एक दाणा उजव्या खिशातून डाव्यात. तासाला २८ डाव. डीलर चपळ होता तरी लेव्हलला सातच. टेबल नऊ जणांचं. म्हणजे एका लेव्हलमध्ये बटण, डीलरची जागा दाखवणारी दर डावाला पुढे सरकणारी खूण, एक फेरासुद्धा पूर्ण करत नाही.

एक रिबाय, अ‍ॅड-ऑन घेतला, १९ वा आलो.

१७ जानेवारी, शनिवार

राजम्याचे दाणे वाया गेले नाहीत.

स्टॅक किती फेरे टिकेल हे मोजायला खेळाडू एम वापरतात. बॅकगॅमनचे नामांकित खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या नावावरून तो एम आला आणि पोकरचे खेळाडू आणि लेखक डॅन हॅरिंग्टन यांनी तो घरोघरी पोचवला. स्टॅक भागिले एका फेऱ्याचा खर्च, म्हणजे स्मॉल ब्लाइंड अधिक बिग ब्लाइंड अधिक अँटी. तिसऱ्या लेव्हलच्या सुरुवातीला ३,००० चिप्स असतील तर ३,००० भागिले ३००, एम १०. दहा फेरे, म्हणजे नव्वद डाव. वाचायला निवांत वाटतं.

पण हा आकडा ब्लाइंड जागच्या जागी राहिले तरच खरा. आमच्याकडे सात डावांनी ते वाढतात. म्हणून लेव्हलनिहाय खर्च काढला, दर डावाला सरासरी ब्लाइंडचा नववा हिस्सा धरून: तिसऱ्या लेव्हलमध्ये २३३, चौथ्यात ३५०, पाचव्यात ४६७, सहाव्यात ७००, सातव्यात १,१६७. बेरीज २,९१७. म्हणजे एकही डाव न खेळता नुसतं बसलं तरी पस्तीस डावांत, सव्वा तासात, ३,००० चिप्स संपतात. दहा फेरे नाहीत, चारसुद्धा नाहीत. शिवाय सहावी लेव्हल संपताना हातात उरलेले असतात १,२५०, आणि समोर ब्लाइंड ५००/१,०००. तेवढ्याच्या ऑल-इनला, सगळ्या चिप्स लावण्याला, कोण घाबरणार?

आता दुसरी बाजू. बहुतेक जण ज्याची वाट बघत बसतात तो हात म्हणजे दश्शीची किंवा त्यावरची जोडी, एक्का-राजा, एक्का-राणी. दोन पानांचे एकूण १,३२६ प्रकार, त्यात हे ६२. पावणेपाच टक्के. दोन लेव्हलच्या चौदा डावांत असा एक तरी हात येण्याची शक्यता ४९ टक्के. अर्ध्याहून अधिक वेळा चांगल्या पानांची वाट बघणाऱ्याला अर्धा तास काहीच दिसत नाही, आणि तेवढ्यात ब्लाइंड दुप्पट झालेले असतात. धीर धरावा हे मलाही आमच्या घरात लहानपणापासून शिकवलंय. पण या स्पर्धेत धीराची किंमत डावागणिक मोजून द्यावी लागते, ती आधी विचारून घ्यावी.

२५ जानेवारी, रविवार

सिम्युलेटर चालू झाला आणि लगेच चुकला. त्यातले खेळाडू सुरुवातीला कधीच रिबाय करत नव्हते. दोन तास शोधल्यावर सापडलं: अट ‘३,००० पेक्षा कमी’ अशी लिहिली होती, ‘३,००० किंवा कमी’ हवी होती. एवढ्याशा चुकीने खेळाडूंची एक अख्खी जात गायब झाली होती, बसल्या बसल्या दुप्पट चिप्स घेणारी. आता ती आहे.

पानांची ताकद दर वेळी नव्याने मोजायची गरज नाही. रंग विसरला की हातांचे प्रकार १६९ उरतात, त्यांचा १६९ गुणिले १६९ चा तक्ता एकदा करून फाइलमध्ये ठेवला. पहिल्या वेळी लॅपटॉपला रात्रभर लावला, आता क्षणात वाचून होतो.

१ फेब्रुवारी, रविवार

ऑल-इनचा हिशेब. सगळ्यांनी फोल्ड केलं, म्हणजे पानं टाकली, मी स्मॉल ब्लाइंडवर, स्टॅक दहा बिग ब्लाइंड, समोर फक्त बिग ब्लाइंडवाला. फोल्ड केलं तर साडेनऊ उरतात. ऑल-इन लावलं आणि त्याने फोल्ड केलं तर अकरा होतात. कॉल आला आणि मी जिंकलो तर वीस, हरलो तर शून्य.

माझ्या रद्दी पानांना कॉल आल्यावर जिंकण्याचे ३५ टक्के धरले. समोरचा २० टक्के हातांनीच कॉल करणारा असेल तर सरासरी १०.२, फोल्डपेक्षा बरीच वर. तो ३७ टक्क्यांनी कॉल करत असेल तर ९.५२, बरोबरी. दहा बिग ब्लाइंडवर एकास एक खेळताना समतोल कॉल, म्हणजे ज्यावर कुणालाच आपली पद्धत बदलून फायदा नाही असा, साधारण ३७ टक्के हातांचाच निघतो, त्यामुळे हे जुळलेलं पाहून बरं वाटलं. आणि तो अर्ध्या हातांनी कॉल करणारा असेल तर ९.०, सरळ तोटा. दादाला पाठवून दिलं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा सकाळी सकाळी आवाजी निरोप: “अरे, तो अर्ध्या हातांनी कॉल करतोय म्हणजे त्याचीही पानं रद्दीच असणार. मग तुझे ३५ टक्के ३५ कसे राहतील? पहिल्या वर्षाच्या पोरांचे मी यावर मार्क कापतो.”

त्याचं बरोबर आहे. ताकद स्थिर धरून कॉलचं प्रमाण बदलणं ही चूक होती. मग प्रश्न उलटा मांडला: तो इतक्या हातांनी कॉल करत असेल, तर बरोबरीला मला किती टक्के लागतात? २० टक्क्यांच्या कॉलला साडेसतरा. ३७ ला पस्तीस. ५० ला चाळीस. ७० ला चव्वेचाळीस. डोळे मिटून कॉल करणाऱ्याला साडेसत्तेचाळीस.

आता तक्ता बोलू लागला. सत्ती-दुर्री वेगवेगळ्या रंगांची, होल्डेममधला सगळ्यात दळभद्री मानला जाणारा हात, तोसुद्धा अंदाधुंद कॉल करणाऱ्याविरुद्ध ३५ टक्के जिंकतो. लागतात साडेसत्तेचाळीस, म्हणजे तोटा. पण जपून, वरच्या २० टक्क्यांनीच कॉल करणाऱ्यासमोर साडेसतरा पुरतात, आणि तेवढं या हातालाही जमतं. तिथे कोणतीही दोन पानं चालतात.

पहिल्या तासात आमच्या टेबलावर सगळे अंदाधुंदवाले असतात. अ‍ॅड-ऑनच्या रांगेतून परत आले की तीच माणसं, त्याच खुर्च्यांवर, २० टक्केवाली होतात, कारण आता मागे रिबाय नाही. एकाच रात्रीत दोन वेगळ्या स्पर्धा आहेत आणि मी आजवर दोन्ही एकाच पद्धतीने खेळत होतो, तेही बरोबर उलट: आधी धीट, नंतर भित्रा. पहिल्या तासात फसवणुकीचे ऑल-इन बंद, चांगल्या पानांवर मात्र पूर्ण पैसे, कारण कॉल मिळतोच. सुट्टीनंतर, दहा बिग ब्लाइंडच्या आसपास, समोरचा माणूस बघून काहीही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून पाकीट. लग्नात आहेर देतो ते, एक रुपयाचं नाणं चिकटवलेलं. सामानात पुण्याहून आलेलं होतं. त्यात ८५ पौंड: प्रवेश, दोन रिबाय, अ‍ॅड-ऑन. कार्ड घरी. अ‍ॅड-ऑनची वीसची नोट वेगळी घडी घालून ठेवली, कारण तो स्वस्त माल आहे आणि तो घ्यायची वेळ येईपर्यंत पैसे उरलेच पाहिजेत.

एक रिबाय. २० पौंड परत आणले. बाराव्या क्रमांकावर बाद.

८ फेब्रुवारी, रविवार

दादाने विचारलं, हा रिबायचा प्रकार मोठ्या स्पर्धांतही असतो का? होता. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये १,००० डॉलरच्या रिबाय स्पर्धा व्हायच्या, आणि २००६ साली व्यावसायिक खेळाडू डॅनियल नेग्रानू यांनी त्यातल्या एका स्पर्धेत ४८ वेळा रिबाय केला. एका स्पर्धेवर जवळजवळ पन्नास हजार डॉलर. २००९ पासून तिथे या स्पर्धा वेळापत्रकातून गेल्या. ज्याचा खिसा मोठा त्याला विजेत्याचं ब्रेसलेट विकत घेता येतं, हा आक्षेप वाढत गेला होता. मला तो आक्षेप पटतो. आमच्या गुरुवारच्या टेबलावरही अमर्याद रिबायऐवजी दोनची मर्यादा असावी असं मला मनापासून वाटतं. खेळाला काही कमी पडणार नाही, आणि कुणाच्या तरी घरचं महिन्याचं गणित वाचेल.

दादा गमतीने म्हणाला, तुझा तक्ता मी इथे ऑनलाइन पडताळून बघतो. म्हटलं, ते आता नाही. ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं भारतात बंद झालंय. तो सिम्युलेटरच चालवणार आहे, त्यात कुणाचं काही जात नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

एक डाव सविस्तर लिहून ठेवतो.

सहावी लेव्हल, ३००/६००. माझा स्टॅक बरोबर ६,०००. स्मॉल ब्लाइंडवर मी, बिग ब्लाइंडवर तेच डावीकडचे आजोबा, त्यांच्यासमोर चौदा हजारांच्या आसपास. पहिल्या तासात त्यांनी गुलाम-तिर्रीने ऑल-इनला कॉल करताना मी पाहिलं होतं. सुट्टीनंतर मात्र त्यांच्यावर सहा वेळा ऑल-इन आलं आणि पाच वेळा त्यांनी पानं टाकून दिली; हे दाण्यांवर मोजलेलं आहे. फोल्ड, फोल्ड करत डाव माझ्यापर्यंत आला. किलवरची नव्वी, चौकटची चव्वी. महिन्यापूर्वी मी ही पानं बघताक्षणी भिरकावली असती.

ऑल-इन म्हटलं. आजोबांनी चिप्सच्या चळतीवर अंगठा फिरवला, वरची चिप उचलली, परत ठेवली. पानं पुन्हा पाहिली. मग हळूच सरकवून दिली आणि मला उघडून दाखवली: राजा-पंजी. “पहिल्या तासात हेच घेतलं असतं,” ते म्हणाले. मला ठाऊक होतं ते. फोल्ड केलं असतं तर ५,७०० उरले असते, आता ६,६०० झाले. नऊशे चिप्सचा फरक, तोही पत्ते न उघडता.

पुढे दोन लेव्हलनी एक्का-दश्शीवर बाद झालो, समोर राणीची जोडी. त्यात काही चुकलेलं दिसत नाही. चौदावा.

१५ फेब्रुवारी, रविवार

एक प्रश्न राहून गेला होता. अ‍ॅड-ऑन मोठ्या स्टॅकवाल्यानेही घ्यावा का? जास्त चिप्स असल्या की पुढच्या चिपची किंमत घटते, कारण सगळ्या चिप्स जिंकल्या तरी बक्षीस ४० टक्केच. हे मोजायचं साधन म्हणजे आयसीएम, इंडिपेंडंट चिप मॉडेल. मूळ गणित डेव्हिड हारव्हिल यांनी १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीसाठी मांडलं, आणि १९८७ मध्ये मेसन मालमथ यांनी पोकर स्पर्धांसाठी तशीच मांडणी केली: पहिला येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात, मग त्याला बाजूला काढून दुसरा, आणि असंच खाली.

अ‍ॅड-ऑन २० पौंडांत २८.०९ चा माल देतो, म्हणजे चिपची किंमत ७१ टक्क्यांच्या खाली घसरली तरच तो तोट्याचा. ३५ खेळाडू उरलेत, सरासरी स्टॅक १२,७००, बाकी सगळे समान धरून काढलं. २०,००० च्या स्टॅकला पुढच्या चिपची किंमत नव्वद टक्क्यांच्या वरच. सरासरीच्या चौपट, म्हणजे पन्नास हजारांवर, ७७ टक्क्यांच्या आसपास. पाचपटीजवळ फायदा संपतो. पहिल्या तासाअखेर सरासरीच्या पाचपट चिप्स असलेला माणूस मी आमच्याकडे पाहिलेला नाही. तेव्हा प्रश्न मिटला. रांगेत उभं राहायचं, कितीही असोत.

२६ फेब्रुवारी, गुरुवार, मध्यरात्रीनंतर

शेवटचं टेबल.

आज ३८ प्रवेश, ४२ रिबाय, ३२ अ‍ॅड-ऑन. बक्षीस २,२४० पौंड, चिप्स चार लाख. नऊ जण उरले तेव्हा २,०००/४,००० चालू होतं, सरासरी स्टॅक ४४,४००, अकराच बिग ब्लाइंड. पुढे असलेल्यासुद्धा कुणाकडे निवांतपणा नव्हता. इथे फ्लॉपनंतरचं, म्हणजे टेबलावर पहिली तीन पानं उघडल्यानंतरचं, कसब दाखवायला जागाच उरत नाही. कुणावर कधी ऑल-इन लावायचं आणि कुणाचं कधी सोडून द्यायचं, एवढंच.

सहा उरलो. ब्लाइंड ३,०००/६,०००. बटणावर दीड लाखवाला, त्याने ऑल-इन लावलं, तो दर दुसऱ्या डावाला लावत होता. मी स्मॉल ब्लाइंडवर, ब्लाइंड धरून ३२,०००, हातात अठ्ठीची जोडी. बाकीच्यांकडे ९५, ७० आणि ४८ हजार, आणि एकाकडे फक्त ५,०००, ज्याच्यावर पुढच्याच डावाला बिग ब्लाइंड येणार होता.

नुसत्या चिप्स मोजल्या तर कॉल करायला ४१ टक्के पुरे होते. पण बक्षिसं पाच आणि आम्ही सहा. घरी अशाच मांडणीवर आयसीएम चालवलेलं होतं, म्हणून आकडा डोक्यात होता: साधारण सत्तर टक्के. अठ्ठीची जोडी कोणत्याही दोन पानांविरुद्ध ६९ टक्केच जिंकते. म्हणजे तो पानं न बघता लावत असता तरी मला जेमतेम बरोबरी. पानं टाकली. हात थरथरत होता हे लिहून ठेवतो, कारण चार महिन्यांत आलेली ही पहिलीच अठ्ठीची जोडी असल्यासारखी मी तिच्याकडे पाहत होतो.

पुढच्याच डावात पाच हजारवाला बाद झाला. मी तिसरा आलो, ३५८ पौंड.

१ मार्च, रविवार

एका रात्रीवरून काही सिद्ध होत नाही, हे दादाने मला अभिनंदनाच्या आधी ऐकवलं. माझंही तेच मत. आठ गुरुवार म्हणजे काहीच नाही. अशा स्पर्धांत नशिबाचा चढउतार इतका मोठा असतो की शेकडो रात्रींनंतरही आकडे डोलत राहतात. मी ज्यावर विश्वास ठेवतोय तो निकालावर नाही, भावाच्या गणितावर आहे, आणि ते एका रात्रीतही पडताळता येतं.

राहिलेलं काम: सिम्युलेटरमध्ये खेळाडूंचा पहिल्या तासातला आणि नंतरचा स्वभाव वेगळा ठेवायचा, तीन जण पॉटमध्ये असतानाचे ऑल-इन, दादासाठी कोड नीट लिहून पाठवायचा.

आणि एक तातडीचं. कॅसिनोच्या दारावर नवीन पत्रक लागलंय. एप्रिलपासून अ‍ॅड-ऑन ५,०००ऐवजी ८,००० चिप्सचा, किंमत तीच. टेबलावर सगळे खूश आहेत. मी ८ जानेवारीच्याच संख्या धरून बसलो: ४०, ५०, ३५. चिप्स ५,५०,०००, पौंडामागे २२०. म्हणजे २० पौंडांच्या ४,४०० चिप्स व्हायला हव्यात आणि रिबायला मिळणार तेच ३,०००. बाद होण्याची पट्टी ५६० वरून १,४०० वर. पहिल्या तासात बरोबरीच्या ऑल-इनला आता ५९ ते ६० टक्के लागतील. मधली जोडी विरुद्ध वरची दोन पानं ही गाठ दोन्ही बाजूंनी तोट्याची झाली. बाद झाल्यावर रिबाय करून अ‍ॅड-ऑन घेणं मात्र आधीपेक्षाही फायद्याचं, ४० पौंडांत ५० पौंडांचा माल.

पहिल्या तासाचा तक्ता नव्याने काढायचा आहे. २ एप्रिलच्या गुरुवारच्या आत.